पॅनलच्या दारावरचे चेहरे

कोणी भेटायला आलं की पेंटरकाका उठून स्टूल पुसून द्यायचे, पाणी हवं का विचारायचे आणि मग पाहुण्याकडे पाठ करून बसायचे.

"बोला," समोरच्या पत्र्याकडे बघत म्हणायचे. "मी ऐकतोय. बघत नाही."

नवीन माणूस गोंधळायचा. आपलं काही चुकलं की काय, असं वाटून तो स्टूल उचलून त्यांच्या समोर जायला बघायचा. तो जेवढा सरकायचा, तेवढंच ते स्वतःचं स्टूल फिरवायचे. एका गृहस्थांनी अशी त्यांच्याभोवती अख्खी प्रदक्षिणा घातलेली मी पाहिली आहे. पुन्हा पाठीमागे पोचल्यावर ते गृहस्थ दमून खाली बसले आणि सांगायला लागले.

सातपूरच्या कारखान्यांच्या मागे आमची कॉलनी आहे. विहाराच्या पलीकडच्या गल्लीत त्यांचं घर आणि घराला लागून पत्र्याची शेड. सगळे त्यांना पेंटरकाका म्हणत, कारण तीसेक वर्षं ते एका कारखान्यात पेंटर होते. तिथे विजेच्या पॅनलची कपाटं बनायची. काका त्यांना रंग मारायचे. रंग एकच, करडा. मधे एकदा एक ऑर्डर फिकट हिरव्याची आली होती. ती त्यांना शेवटपर्यंत आठवत होती.

घरी ते माणसं काढायचे. ज्यांचा एकही फोटो नाही आणि जी आता या जगात नाहीत, तेवढीच. तुम्ही आमच्या भागातल्या घरांत गेला असाल तर बघितलं असेल. बाहेरच्या खोलीत वडिलांचा हार घातलेला फोटो असतो आणि शेजारी नुसताच एक खिळा असतो. तो खिळा आईचा. वडिलांचा फोटो निदान कारखान्याच्या ओळखपत्रावरून मोठा करून घेता येतो. आईला ओळखपत्र कोणी दिलेलंच नसतं. अशा रिकाम्या खिळ्यांसाठी काका चित्रं काढायचे.

पाठ करून बसण्यामागे त्यांचं साधं कारण होतं. "तुमचं तोंड दिसलं की हात तुमचंच तोंड काढतो," असं ते मला म्हणाले. "ते आपल्याला नकोय."

नाक कसं होतं, डोळे कसे होते, हे ते विचारायचे नाहीत. नाक कोणालाच आठवत नाही, असा त्यांचा अनुभव होता. लोक लाजेकाजेस्तव 'सरळ होतं' म्हणतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"राग आला की काय करायच्या?"

यावर कोणी गप्प बसलेलं मी पाहिलं नाही. राग सगळ्यांना आठवायचा. कोणाची आई भांडी आपटायची, कोणाची आई गोठ्यात जाऊन म्हशीशी बोलत बसायची, कोणाचे वडील जेवायला बसायचे पण जेवायचे नाहीत. सांगता सांगता माणूस हातवारे करायला लागायचा. काकांना ते दिसायचे नाहीत, पण पेन्सिल हलायला लागायची.

मी तिथे कसा पोचलो ते सांगतो. माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. एका कॉलेजातल्या मॅडमना जिल्ह्यातल्या दुर्लक्षित कलावंतांवर छोट्या फिल्म करून हव्या होत्या आणि लग्नसराई संपली होती. पहिली फिल्म सटाण्याच्या एका गृहस्थांवर झाली. ते कांद्याच्या वाळलेल्या सालींची निसर्गचित्रं करायचे. आम्ही गेलो त्या दिवशी उकडत होतं, म्हणून त्यांच्या बायकोने पंखा लावला, आणि तीन महिने खपून केलेला सूर्यास्त घरभर झाला. ते म्हणाले, "हरकत नाही. आता सूर्योदय करतो." दुसरी सिन्नरच्या एका निवृत्त गुरुजींवर. ते खडूतून मूर्ती कोरायचे आणि त्यांना खडूची धूळ सोसत नसे. शिंक आली की मान मोडायची, मूर्तीची.

तिसऱ्या कलावंतासाठी मी सुरगाण्यापर्यंत फिरून आलो. शेवटी मॅडमनीच कुठूनतरी ऐकून मला पत्ता दिला. पत्ता माझ्या घरापासून तीन गल्ल्यांवरचा होता. काखेत कळसा म्हणतात तो असा.

पहिल्या दिवशी मी कॅमेरा लावून तयारीचे प्रश्न विचारले.

"काका, तुम्ही कलेकडे कसे वळलात?"

"वळलो नाही. सरळच होतो."

"तुमची प्रेरणा काय?"

ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "पत्रा."

पत्र्याची गोष्ट मला काकूंनी सांगितली. कारखान्यातून निवृत्त होताना माणसाला घड्याळ नाहीतर सुटकेस देतात. काकांना काय हवं विचारलं, तर त्यांनी नापास झालेली पॅनलची दारं मागितली. वाकडी निघालेली, भोक चुकलेली दारं कारखान्याच्या मागे पडून असायची. निरोपाच्या कार्यक्रमात दारं कशी द्यायची, हार कुठे घालायचा, यावर साहेब लोकांची बैठक झाली म्हणे. शेवटी नवरदेवाचं सामान यावं तशी टेम्पो भरून दारं घरी आली. काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत. "मला वाटलं होतं, भिंतीवरचं घड्याळ येईल," त्या मला म्हणाल्या. घरात घड्याळ नव्हतं.

तर त्या दारांवर काका चित्रं काढायचे. आधी तांबडा प्रायमर, त्यावर रंग. करडा रंग हाताला इतका बसला होता, की प्रत्येक चेहऱ्यात तो थोडा यायचाच. त्यामुळे सगळी माणसं नुकतीच गिरणीतून दळण घेऊन आल्यासारखी दिसायची. दाराला बिजागऱ्या तशाच असत आणि कुलपाचं भोकही. भोक कुठे आणायचं, ही मोठी विचाराची गोष्ट असे. शक्यतो ते अंबाड्यात घालवत. एकदा ते नेमकं कानावर आलं. मुलगा म्हणाला, बुजवता येईल का? काका म्हणाले, "असू द्या. घरात काय चाललंय ते ऐकू येईल."

चित्रं वजनाला भारी. साध्या खिळ्यावर टिकत नसत. आमच्या कॉलनीत एका घरी सासूबाई खिळ्यासकट निसटून थेट टीव्हीवर आल्या. सून म्हणाली, हयातीतही त्यांना मालिका चालत नव्हत्या.

चित्र देताना काका एवढंच बजावायचे, "फायनल नाही." घरी लावा, वर्षभर बघा, खटकलं तर आणा. लोक खरोखर आणायचे. ओठ जरा जाड झाले, कपाळ एवढं मोठं नव्हतं, आत्या म्हणते ती असं बघायची नाही. काका कुरकुर न करता पॉलिश पेपर घेऊन तेवढा भाग घासायला बसायचे.

माझ्यासमोर घडलेली एक गोष्ट आधी सांगतो. कॉलनीतलीच तीन भावंडं आईचं चित्र काढून घ्यायला आली. मोठा भाऊ म्हणाला, आई कडक होती, सगळं गाव टरकून असायचं. बहीण म्हणाली, काहीतरीच, ती तर तोंडावर पदर धरून हसत असायची. दोघांचं जुंपलं. धाकटा गप्प होता. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं. काकांनी भिंतीकडे बघतच विचारलं, "तिसरे आहेत ना? त्यांना काय दिसतंय?"

धाकटा चाचरत म्हणाला, त्याला फक्त हनुवटी आठवते. आई मांडीवर घेऊन थोपटायची तेव्हा खालून दिसायची ती हनुवटी, आणि वर नाकपुड्या.

काकांनी तेच काढलं. मांडीवरून दिसते तशी आई. खालून मोठी हनुवटी, त्यावर नाक, डोळे जवळजवळ नाहीतच, आणि मागे छपराचे वासे. थोरला भाऊ चित्र बघून तडक निघून गेला. बहीण म्हणाली, हे असलं भिंतीवर लावणार कसं? चित्र आठवडाभर शेडमध्ये पडून राहिलं. मग एका दुपारी ती बहीणच रिक्षा घेऊन आली. म्हणाली, चित्र लावायचं नाहीये. पलंगाशेजारी उभं करणार आहे, आडवं झालं की दिसेल असं. काकांनी मान डोलावली. हे आधी का सुचलं नाही, एवढंच ते नंतर म्हणाले.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यामुळे मी हे सगळं लिहायला बसलो.

सिन्नरच्या एका कारखान्यातले सुपरवायझर एक दिवस मोटारसायकलवर आले. वय पंचेचाळीसच्या आसपास, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेन. वडील वारून दोन वर्षं झाली होती. भिंतीवर वडिलांचा फोटो एकटाच बरा दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मूळ गाव सटाण्याकडचं. स्टुलावर ताठ बसून म्हणाले, "आई मी सात वर्षांचा असताना गेली. फोटो नाही."

काकांनी रागाचं विचारलं. सुपरवायझर म्हणाले, राग आला की ती काही बोलायची नाही. चालायला लागायची. मागे वळून बघायची नाही.

मग ते सांगतच राहिले. सात वर्षांच्या मुलाला इतकं आठवावं, याचं मला आश्चर्य वाटलं. तिच्या बांगड्यांचा रंग, हिरव्या लुगड्याला लावलेलं ठिगळ, हनुवटीवरचं गोंदण. गोंदणाचे तीन ठिपके, त्यातला मधला थोडा खाली घसरलेला. गोंदणारीचा हात हलला होता म्हणे. काकांनी मधला ठिपका किती खाली, ते चार वेळा विचारून घेतलं.

चित्र झालं ते काकांच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं चित्र होतं. पंचविशीतली बाई, अंगावर हिरवं लुगडं, मान थोडी वळलेली आणि नजर बाहेर, चौकटीच्या पलीकडे, जिथे बघणारा नाही तिथे. सुपरवायझर त्या चित्रासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हीच." मग चादरीत गुंडाळून, मागच्या सीटवर बांधून घेऊन गेले.

यानंतर मी एक आगाऊपणा केला. मॅडमची फिल्म व्हायला वेळ होता, म्हणून अर्ध्या मिनिटाचा एक तुकडा कापून, मागे बासरी टाकून, इंटरनेटवर सोडला. त्यात ते चित्र होतं आणि 'आई मी सात वर्षांचा असताना गेली' हे सुपरवायझरांचं वाक्य होतं. खाली माझा नंबर होता, लग्नाच्या ऑर्डरीसाठी. सुपरवायझरांना मी विचारलं नव्हतं.

महिन्याभराने सकाळी एका बाईंचा फोन आला. मला वाटलं ऑर्डर आहे. मी विचारलं, तारीख कोणती?

"कसानी तारीख?" पलीकडून म्हातारा आवाज आला. मग त्या बाई म्हणाल्या, "ते चित्र मनं शे. मी जित्ती शे."

सटाण्याकडची अहिराणी मला अर्धीच कळते. पण एवढी कळली.

त्या सटाण्याजवळच्या एका खेड्यात भावाच्या घरी राहत होत्या. शेजारच्या मुलीने मोबाईलवर चित्र दाखवलं आणि गंमत म्हणून म्हणाली, आजी, हिच्या हनुवटीवर तुझ्यासारखंच गोंदण आहे.

मी शेडमध्ये जाऊन काकांना सांगितलं. ते एका दाराचा जुना रंग खरवडत होते. दार त्यांनी पूर्ण खरवडून संपवलं.

"जिवंत माणसाचं मी काढत नाही," मग म्हणाले.

"काढलंय, काका."

"मग चूक झाली. दुरुस्त करावी लागेल."

सुपरवायझरांना फोन त्यांनीच केला. आडपडदा ठेवला नाही. तुमच्या आईंचा फोन आला होता, येऊन जा, एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर आले. आत आले नाहीत, शेडच्या दारात उभे राहिले. मी त्यांची माफी मागितली, ती त्यांना ऐकू आली की नाही कोण जाणे. काकांनी विचारलं, तुम्ही तर म्हणाला होतात, आई नाही.

"मी 'गेली' म्हणालो," सुपरवायझर म्हणाले. "वारली म्हणालो नव्हतो."

काकांनी थोडा विचार केला. "बरोबर आहे. मी विचारलं नाही."

"घरात 'गेली' एवढंच म्हणायचे. मीही विचारलं नाही." हे ते जमिनीकडे बघत म्हणाले. मग सांगितलं, की लहानपणी एकदा आजीला विचारायला तोंड उघडलं होतं, पण आजी काय म्हणेल याची भीती वाटून पाणी मागितलं. त्यानंतर ते राहूनच गेलं.

काका म्हणाले, रविवारी त्या येणार आहेत. चित्रातलं एक त्यांना पटलेलं नाही. तुम्हाला यायचं असेल तर या, नाहीतर चित्र तेवढं पाठवून द्या. दुरुस्तीशिवाय ते मी भिंतीवर राहू देणार नाही.

रविवारी त्या बाई सटाण्याच्या गाडीने आल्या. अंगाने बारीक, हातात कापडी पिशवी, पिशवीत भुईमुगाच्या शेंगा. काका त्यांच्याकडेही पाठ करूनच बसले. थोड्या वेळाने बाहेर मोटारसायकल थांबली. सुपरवायझर चादरीतलं चित्र घेऊन आत आले आणि भिंतीला टेकवून उभे राहिले. शेडमध्ये दुसरं स्टूल त्या बाईंच्या शेजारीच होतं. ते तिथे बसले. दोघं एकमेकांकडे न बघता काकांच्या पाठीकडे बघत राहिले. काकूंनी चहा आणला आणि आधी कोणाला द्यावा ते न सुचून दोन्ही कप माझ्या हातात दिले.

मी काकांना हळूच विचारलं, कॅमेरा चालू ठेवू का?

"तुझं तू बघ," ते म्हणाले.

मी कप खाली ठेवले आणि कॅमेरा बंद केला. मग जे झालं त्याचा दुसरा काही पुरावा माझ्याकडे नाही.

काकांनी चित्र समोर लावून विचारलं, "काय चुकलंय?"

बाई म्हणाल्या, "डोया." आणि मग त्यांच्या भाषेत सांगितलं, की चित्रातली बाई दुसरीकडे बघते आहे. त्या तशा गेल्या नव्हत्या. रागाने गेल्या नव्हत्या. "माले काढी दिधं," त्या म्हणाल्या. म्हणजे मला घालवून दिलं. का घालवून दिलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिथल्या कोणी विचारलं नाही.

सुपरवायझर काकांच्या पाठीला म्हणाले, "त्यांना विचारा, मी ओट्यावर उभा होतो. वळणापर्यंत मी बघत होतो. त्यांनी एकदा तरी मागे बघितलं का."

काकांनी विचारायची गरज नव्हती, सगळे दोन हातांवर बसले होते. तरी ते म्हणाले, "मागे बघितलं का, असं विचारतायत."

"वळणलोंग नही देखं," बाई म्हणाल्या. वळणापर्यंत नाही बघितलं. बघितलं असतं तर पाऊल पुढे पडलं नसतं. वळणाच्या पलीकडे बाजरीचं शेत होतं. त्या बाजरीत शिरल्या आणि तिथून बघत बसल्या. ओटा उंचावर होता. "बाजरी मोठी व्हती. तो माले दिसे. मी त्याले नही."

बाहेर कोणीतरी भंगारवाला ओरडत गेला.

"किती वेळ, विचारा," सुपरवायझर म्हणाले.

बाई म्हणाल्या, दुपारपर्यंत. तो जेवायला आत गेला, तोपर्यंत.

काका पॉलिश पेपर शोधायला लागले. म्हणाले, "डोळे फिरवावे लागतील. घासायचं, प्रायमर, मग रंग. वाळायला वेळ लागतो. तीन रविवार."

डोळे फिरवायला तीन रविवार लागत नाहीत. हे मला तेव्हाही कळत होतं, कारण आत्याला बघणं पटलं नाही म्हणून परत आलेल्या एका चित्राचे डोळे त्यांनी एका संध्याकाळी बदलून दिलेले मी पाहिले होते.

तिन्ही रविवारी दोघं आले. बोलणं सगळं काकांमार्फत. नाकात चमकी होती का, विचारा. चमकी नव्हती, फुली होती म्हणावं. त्याला विचारा, लग्न कधी केलं. म्हणावं, नातवंडं किती. काका ते सगळं न बदलता इकडून तिकडे सांगायचे, दोन फुटांवर. दुसऱ्या रविवारी शेंगांची पिशवीसुद्धा त्यांच्याच हातून इकडून तिकडे गेली.

तिसऱ्या रविवारी डोळे झाले. आता ती पंचविशीतली बाई सरळ समोर बघत होती. चित्र म्हणून आधीचंच जास्त चांगलं होतं, असं माझं मत आहे. मी ते काकांना कधी सांगितलं नाही. त्यांनाही ते ठाऊक असावं.

रंग ओला असल्याने चित्र शेडमध्येच ठेवायचं ठरलं. त्यामुळे गाडीची मागची सीट मोकळी होती. सुपरवायझर काकांना म्हणाले, "त्यांना विचारा, स्टँडवर सोडू का." काकांनी विचारलं. बाई उठल्या. सुपरवायझरांनी गाडी शेडच्या पायरीला लावली, तेव्हा कुठे त्यांना चढता आलं. त्या एका बाजूला पाय टाकून बसल्या, कॅरिअर घट्ट धरलं. सुपरवायझरांनी किक मारली, मान थोडी मागे वळवली आणि म्हणाले, "पाय सांभाळ. सायलेन्सर गरम आहे."

त्या बाईंनी पाय वर घेतला.

मी आत आलो तेव्हा काका ब्रश धूत होते.

"गेले?"

"गेले."

"दोघं?"

"हो."

"बरं," म्हणाले आणि ब्रश उलटा करून डब्यात ठेवला.

पुढे सगळं गोड झालं असं नाही. त्या बाई सटाण्यालाच राहिल्या. सुपरवायझर महिन्या दोन महिन्यांनी जातात, कधी घरच्यांना घेऊन, कधी एकटेच. एकदा भांडण होऊन ते मधल्या रस्त्यातून परत आले होते. चित्र त्यांनी नेलं तेव्हा विचारलं, आता हे वडिलांच्या शेजारी लावायचं का? काका म्हणाले, हार घालायचा नाही. बाकी तुमचं तुम्ही बघा. ते त्यांनी समोरच्या भिंतीवर लावलं आहे.

माझी फिल्म कॉलेजात दाखवली गेली. काका पहिल्या रांगेत होते आणि दहाव्या मिनिटाला झोपले. मॅडम म्हणाल्या, फिल्म छान आहे, पण शेवटी काही घडत नाही.

गेल्या हिवाळ्यात काकांचा खोकला वाढला. तपासणीला मीच गाडीवर घेऊन गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं फवाऱ्याचं काम केलंत, फुप्फुसात रंग बसलाय. काकांनी विचारलं, "कुठला?" डॉक्टरांना वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी तेच मोठ्याने पुन्हा सांगितलं.

दोन महिन्यांत ते गेले. वारले, असं मी स्पष्टच लिहितो.

जलदान विधीला एवढी माणसं आली, की मांडव गल्लीच्या तोंडापर्यंत वाढवावा लागला. सटाण्याच्या बाई मुलाबरोबर आल्या होत्या. त्यांनी बायकांत बसून कोथिंबीर निवडून दिली.

नंतर शेड आवरायला मी काकूंबरोबर होतो. कोरी दारं थोडीच उरली होती, ती कॉलनीतल्या लोकांनी नेली. एक गिरणीवाल्याने मीटरला लावलं, तिथे ते चपखल बसलं. पण एका दाराला कोणी हात लावला नाही. त्यावर प्रायमर होता आणि प्रायमरवर पेन्सिलीने काढलेलं एक कपाळ आणि एक भुवई होती. बस, तेवढंच. कोणीतरी येऊन स्टुलावर बसलं होतं, राग कसा यायचा ते सांगितलं होतं, आणि काकांच्या हातून भुवईपर्यंत झालं होतं. कोण आलं होतं ते काकूंना माहीत नाही. काकांनी कधी कुठे लिहून ठेवलं नाही.

काकूंनी ते दार बाहेर, फाटकाशेजारी भिंतीला टेकवून ठेवलं आहे, रस्त्यावरून दिसेल असं. ज्याची असेल तो भुवई ओळखेल, असं त्या म्हणतात. सुट्टीच्या वेळी कारखान्यांतून सुटलेली माणसं तिथून जातात. कोणी गाडी हळू करतं, कोणी थांबून बघतं.

परवा त्या सांगत होत्या, एक बाई बराच वेळ उभी होती. मी विचारलं, तिच्या घरातलं माणूस होतं का?

"नाही म्हणाली," काकू म्हणाल्या. "पण पदराने सगळं दार पुसून गेली."